व्हय म्हणणारं माणूस

गुरुदास घाडी एस.टी.त ड्रायव्हर होते हे त्यांच्या वाडीत फारसं कुणाच्या ध्यानात राहिलेलं नाही. मालवण डेपोत त्यांनी उभी हयात काढली, पण धामापूरच्या आसपास कुणालाही विचारा, गुरुदास कोण, तर उत्तर येईल, "गाऱ्हाणां घालतत ते." नवी रिक्षा घेतली, बोलवा गुरुदासांना. म्हैस गाभण राहीना, बोलवा. मुलग्याचा कुवेतचा व्हिसा अडकला, विहिरीला पाणी लागेना, बोलवा. देवापुढे नारळ धरून उभं राहायचं आणि घरादाराचं जे काय असेल ते मोठ्यानं, चार माणसांच्या देखत देवाला सांगायचं, याला आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणतात. घाटावरच्या माणसाला गाऱ्हाणं म्हटलं की तक्रार वाटते. तसं ते नव्हे. तक्रार एकट्यालाही करता येते. गाऱ्हाण्याला मागे माणसं लागतात आणि त्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा!" म्हणावं लागतं. मागून व्हय आलं नाही तर ते गाऱ्हाणं देवापर्यंत पोचत नाही, अशी आमची समजूत आहे.

गुरुदासांचा आवाज असा, की घाटात हॉर्न बंद पडला तरी अडणार नाही, असं कंडक्टर लोक म्हणत. पण नुसत्या आवाजानं गाऱ्हाणं होत नाही. बापानं त्यांना एक शिकवलं होतं, देवापुढे काही लपवायचं नाही. बाबलीनं रिक्षा घेतली तेव्हा गुरुदासांनी नारळ उचलला आणि सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, ही गाडी सेकंडहँड आसा, ब्रेक उजवीकडे ओढता, आणि ह्या तुझ्या लेकरान शेजाऱ्यांक ती नवी म्हणान सांगल्यान, तर तेका सांभाळून घे!" शेजारी मागेच उभे होते. त्यांनी मनापासून "व्हय म्हाराजा!" म्हटलं. बाबली पुढे कित्येक दिवस गुरुदासांना बघून रस्ता बदलायचा. गुरुदासांना त्याचं काही वाटलं नाही. "जां लपवशात, तांच घरात शिरता," एवढंच ते म्हणाले.

मागून येणाऱ्या आवाजात सगळ्यात वरचा आवाज त्यांच्या बायकोचा, यशोदाबाईंचा. एरवी या बाईनं नवऱ्याच्या कुठल्या बोलण्याला व्हय म्हटलं असेल तर शपथ. आमटीत कोकमं किती इथपासून मुलग्याला कुठल्या कॉलेजात घालायचं इथपर्यंत त्यांचं म्हणणं उलटं. पण नारळ वर गेला की पदर सारखा करून त्या मागे उभ्या राहत आणि पहिलं व्हय त्यांचंच पडे.

त्या यशोदाबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. कणकवलीच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा त्या नवऱ्याकडे बघत, ओठ हलवत, आणि काही येईना म्हणून रडत. गुरुदासांना दुसरं काय सुचणार? त्यांनी तुळशीपुढे खुर्ची ठेवली, त्यांना बसवलं, नारळ घेतला आणि घातलं गाऱ्हाणं. "बा देवा म्हाराजा, माझ्या बायलेची वाचा परत दी!" आणि मागून, खणखणीत, "व्हय म्हाराजा!"

गुरुदासांनी तेच वाक्य परत म्हटलं, परत तेच दोन शब्द आले. डॉक्टरांनी नंतर समजावलं की जन्मभर चालीत म्हटलेले शब्द डोक्यात वेगळ्या जागी राहतात, कधी कधी तेवढेच वाचतात. गुरुदासांना त्यातलं एवढंच कळलं की घराची सगळी दारं बंद झाली तरी एक उघडं आहे. तेव्हापासून ते बायकोशी बोलत ते देवाच्या नावानं. "बा देवा म्हाराजा, आज माझ्या हातान पेज करपली!" म्हटलं की यशोदाबाई असं काही "व्हय म्हाराजा!" म्हणत, की त्यात लग्नापासूनचा सगळा राग असे. मस्कतला असलेल्या मुलग्याचा, सिद्धेशचा फोन येऊन गेला की त्याच दोन शब्दांत पाणी असे. गुरुदास मनाशी म्हणत, हे दोन शब्द आहेत तोवर यशोदा आहे. ते गेले की मग अंथरुणात नुसतं अंग उरेल.

पण प्रेमानं पाठ शाबूत राहत नाही. सत्तरी ओलांडलेला, जन्मभर स्टिअरिंगवर कंबर घासलेला माणूस बायकोची कूस दिवसातून किती वेळा बदलणार? यशोदाबाईंच्या पाठीला जखम झाली, जखम खोल गेली. मस्कतहून सिद्धेश आला, त्यानं आईच्या अंगावरची चादर उचलली आणि तसाच मागल्या दारी जाऊन उभा राहिला. परत जायच्या आधी त्यानं दोघांना 'निर्धास्त'मध्ये ठेवलं. मिठबावच्या अलीकडे सड्यावर, म्हणजे उंचावरच्या कातळाच्या माळावर, समुद्र दिसेल अशा जागी पुण्याच्या एका गृहस्थांनी बांधलेलं ज्येष्ठ निवास. नावही त्यांनीच दिलेलं.

त्या जागेबद्दल वाईट सांगायचं तर आधी चांगलं सांगितलं पाहिजे, नाहीतर जीभ झडेल. यशोदाबाईंची जखम तिथं भरली. हवेची गादी, वेळच्या वेळी कूस बदलणाऱ्या बायका, ड्रेसिंगला नर्स. भरलेली पाठ बघून गुरुदास त्या नर्सच्या पाया पडायला वाकले, तशी ती बिचारी दोन पावलं मागे उडाली. चादरी पांढऱ्याशुभ्र, संडासात धरायला दांडे, डॉक्टर बोलावल्यावर येतात. बुधवारी बांगडा मिळे. त्याला तिखलं म्हणत, आणि त्यात तिखट शोधावं लागे, पण काटे काढून देत. घरी हे सगळं कोण करणार होतं? गुरुदासांनी पहिल्याच आठवड्यात सिद्धेशला सांगितलं, "बरां केलंस तू."

शेजारच्या खोलीत पास्कल मास्तर होते. मालवणला शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले, विधुर, मुलगी मेल्विना गोव्यात मडगावला. संध्याकाळी व्हरांड्यात दोघांच्या खुर्च्या शेजारी पडत आणि मास्तर रोज तोच खेळ मांडत, या जागेचं एकेक बरं-वाईट तागडीत घालून तोलायचा.

"हां गुरुदास, आज तागडीत काय घालतंस?"

"बरां घालतंय. आज तिका बागेत फिरवून हाडल्यानी."

"मी वायट घालतंय. हंयसर एकाय दाराक आतून कडी नाय. बघितलंस?"

"कोण आत पडलो तर? बरां तां."

"आणि हंयसर कोण मरना नाय," मास्तर म्हणाले.

"मगे तां वायट कसां?"

"अरे, मरना नाय म्हणजे, तसा कोण सांगना नाय. त्या कोपऱ्यातल्या वागळ्यांच्या म्हातारीक पहिली मागच्या घरात नेल्यानी, मगे म्हणाले कणकवलीक शिफ्ट केलां. तू थंय तिका बघूक गेलंस? मी फोन केलंय तिच्या झिलाक. बारावो पण झालो होतो."

मागचं घर म्हणजे आंब्याच्या कलमांच्या आडची फिकट पिवळी बैठी इमारत. 'विश्रांती कक्ष' अशी तिला पाटी होती. खिडक्या उंचावर, दाराला बाहेरून कुलूप. जे रात्रीबेरात्री उठून चालू लागत, आरडाओरडा करत, त्यांना तिथं ठेवत. दिवसभर आत टीव्ही चालू असे आणि त्याशिवाय कसलाही आवाज येत नसे. चार माणसं असलेल्या घरातून भांडं पडल्याचा, खोकल्याचा, एकमेकांवर खेकसल्याचा तरी आवाज येतो. गुरुदासांना त्या बाजूनं जायला आवडत नसे, आणि का आवडत नसे ते त्यांनी स्वतःलाही विचारलं नव्हतं.

सकाळचं गाऱ्हाणं त्यांनी सोडलं नव्हतं. अंगणाच्या कडेला जांभ्याचा एक धोंडा होता, त्याला जास्वंद वाहून ते उभे राहत. मागे चाकाच्या खुर्चीत यशोदाबाई. हळूहळू झाडलोट करणाऱ्या बायका, स्वयंपाकघरातली माणसं, मागच्या घराची चावी कमरेला लावलेली काशीबाई, सगळी आसपासच्या गावांतली, कामाला लागण्याआधी मागे येऊन उभी राहू लागली. सवयच ती. कानावर 'बा देवा म्हाराजा' पडलं की कोकणातल्या माणसाचे पाय आपोआप थांबतात.

व्यवस्थापक तेजस्वी मॅडम नाशिकच्या. बाई वाईट नव्हत्या, हे लिहून ठेवायला हवं. दिवसभर पायाला भिंगरी, जेवण कधी चारला तर कधी नाहीच. त्यांनी एक दिवस नर्सला विचारलं की हे काका रोज सकाळी ओरडतात ते काय. नर्स कोल्हापूरची. ती म्हणाली, काका गाऱ्हाणं घालतात. झालं. संध्याकाळी मस्कतहून फोन.

"बाबा, रोज सकाळी सगळ्यांका गोळा करून तक्रार करतास? मॅडम काय म्हणतीत? काय कमी आसा तुमका थंय?"

"तक्रार? मी? अरे, गाऱ्हाणां घालतंय!"

पलीकडे सिद्धेश हसत सुटला. त्यानं मॅडमना फोनवर समजावलं, मॅडमही हसल्या, गुरुदासांच्या हातात हात घेऊन माफी मागितली. दुसऱ्या दिवशी त्यांनी गाऱ्हाण्याचा व्हिडिओ काढला आणि निवासाच्या पानावर टाकला. खाली लोकांनी फुलं आणि जोडलेले हात पाठवले. गुरुदास खूश होते. माणसाला आपण कळलो असं वाटलं की तो गाफील होतो.

पास्कल मास्तर दुपारी फाटकापर्यंत चालत जात. मेल्विनाची गाडी येते का बघायला. ती येत नसे असं नाही, पण ती तिच्या सवडीनं येणार आणि मास्तर रोज जाणार. एका दुपारी त्यांनी वॉचमनला फाटक उघडायला सांगितलं. त्यानं नाही म्हटलं, तसे मास्तर फाटकाचे गज धरून हलवू लागले आणि वर्गात ओरडावं तसे इंग्रजीतून ओरडू लागले. सगळं निवास गॅलरीत येऊन बघत होतं. दोन माणसांनी त्यांना समजावून आत नेलं. दुसऱ्या सकाळी शेजारच्या खोलीची खिडकी उघडी होती, गादी उन्हात टाकलेली होती आणि व्हरांड्यात एकच खुर्ची होती.

"मास्तरांना थोड्या विश्रांतीची गरज आहे काका," तेजस्वी मॅडम म्हणाल्या. "होतील बरे."

गुरुदासांनी वाट पाहिली. मास्तर येईनात. मग एका दुपारी काशीबाई जेवणाची ट्रॉली घेऊन मागच्या घरात शिरत असताना ते तिच्या मागोमाग आत गेले. "काका, नको," ती म्हणाली, पण तिचे दोन्ही हात ट्रॉलीला होते.

आत स्वच्छ होतं. फिनेलचा वास. भिंतीला लावून खुर्च्या, खुर्च्यांत माणसं, प्रत्येकाच्या पोटाशी रुंद पट्टा, पडू नयेत म्हणून. सगळ्यांची तोंडं टीव्हीकडे. टीव्हीवर कुणीतरी भेंडी चिरत होतं. पास्कल मास्तर कडेला होते. दाढी गुळगुळीत केलेली, अंगावर इस्त्रीचा सदरा. गुरुदास त्यांच्यासमोर उभे राहिले, म्हणाले, "मास्तर, आज तागडीत काय घालतंस?" मास्तरांनी त्यांच्याकडे बघितलं, म्हणजे डोळे तिकडे वळले. मग ते परत भेंडीकडे वळले.

"काय दिलास ह्येंका?" गुरुदासांनी विचारलं.

"पांढरी गोळी," काशीबाई खाली बघत म्हणाली. "सकाळ-संध्याकाळ. डॉक्टरान लिवन दिल्यानी हा. काका, मी नोकर माणूस. चला, भायर चला."

गुरुदास बाहेर आले. त्यांना मास्तरांची दया आली, हे खरं. पण त्याहून आधी मनात आलं ते यशोदाबाईंचं. टीव्हीवर एखादा पुढारी हात वर करून चढ्या आवाजात बोलला की त्याही अधूनमधून दुपारच्या झोपेच्या वेळी "व्हय म्हाराजा!" म्हणून ओरडत. लोक हसत. पण हसण्यावारी किती दिवस नेणार? त्यांना भीती वाटली. एस.टी.चा ब्रेक उतारावर पहिल्यांदा लागला नाही तेव्हा वाटली होती तशी.

आता शहाणा माणूस गप्प बसला असता. पण सकाळी हातात नारळ आला आणि बापाची शिकवण आडवी आली. डोळ्यांनी बघितलेलं देवापासून चोरायचं कसं? त्यांनी नेहमीचं सगळं म्हटलं, सगळ्यांच्या पोराबाळांचं, पलीकडच्या खोलीतल्या अंजेलिनाबाईंच्या गुडघ्यांचं, आणि मग म्हणाले, "बा देवा म्हाराजा, ह्या मागच्या घरात जी काय माणसां पट्टे लावन बसवलेली हत, जेंका गोळी देवन गप केलेलां आसा, त्येंका मोकळी कर, आणि जेच्या हातात थंयली चावी आसा तेका बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मागून पहिला आवाज आला तो काशीबाईचा. जन्माची सवय, दुसरं काय. शब्द गेल्यावर तिनं तोंडावर हात ठेवला आणि कमरेची चावी पदरात झाकली. दुसरा आवाज यशोदाबाईंचा होता, नेहमीसारखा खणखणीत. ऑफिसची खिडकी उघडी होती.

मॅडमनी त्यांना बोलावलं, खुर्ची दिली, चहा दिला.

"काका, ही तर तक्रारच झाली की हो," त्या म्हणाल्या.

पहिल्या खेपेला या बाईंनी शब्दाचा चुकीचा अर्थ लावला होता. आता लावला तो बरोबर होता. "तसं नाही मॅडम, देवाला सांगितलं," ते शुद्ध मराठीत म्हणाले. ऑफिसात ते नेहमी शुद्धच बोलत.

"देवाला मनात सांगा ना. त्या लोकांना आम्ही मोकळं सोडलं आणि कुणी विहिरीकडे गेलं, सड्यावरून खाली पडलं, तर? त्यांच्या घरचे मला विचारतील, तुम्हाला नाही. तुम्ही सांगा, मी काय करू?" त्या खरोखर विचारत होत्या. थकलेल्या दिसत होत्या.

मग मॅडमनी हळू आवाजात सांगितलं. मागची इमारत पुरत नाही, तिच्या शेजारी मोठी बांधली आहे, पुढच्या रविवारी उद्घाटन. मालक पुण्याहून येणार, सगळ्यांच्या घरचे येणार. व्हिडिओ मालकांना फार आवडला होता, गाऱ्हाणं तुम्हीच घालायचं असं त्यांचं म्हणणं आहे. छान घाला. शुभ शुभ बोला. "आणि यशोदा आजींचं ओरडणं हल्ली वाढलंय, शेजारचे सांगतात. डॉक्टर म्हणतात गोळी सुरू करू. मी त्यांना थांबवलंय. तुमच्यासाठी. त्या तुमच्याच खोलीत राहतील, गोळीबिळी काही नाही. एवढं माझं ऐका."

"आणि नाही ऐकलं तर?"

"असं का बोलता काका? घरी तुम्ही त्यांची पाठ सांभाळू शकाल का? नाही ना. मग इथं आपण सगळे मिळूनच राहायचं आहे."

धमकी म्हणावी तर तिला धार नव्हती. गुरुदासांनी चहा संपवला आणि "बरं" म्हणाले. आठवडाभर ते खोलीत फेऱ्या घालत गोड गोड वाक्यं जुळवत होते. घास गिळताना काटा लागावा तसं एकेक वाक्य अडकत होतं. यशोदाबाई खुर्चीतून बघत होत्या. "बा देवा म्हाराजा, ह्या नव्या घराची भरभराट होवंदे," ते घोकत म्हणाले. "व्हय म्हाराजा," त्या म्हणाल्या, पण असं, की करपलेल्या पेजेची आठवण यावी. गुरुदास त्यांच्यावर खेकसले, "तुझ्यासाठीच करतंय गो मी ह्या!" नंतर त्यांना स्वतःचीच लाज वाटली आणि त्यांनी बायकोच्या केसांना तेल लावलं.

रविवारी मांडव पडला, झेंडूच्या माळा लागल्या. मे महिना, मुंबईकर घरी आलेले, त्यामुळे प्रत्येकाच्या घरचं कुणी ना कुणी होतं. मेल्विनाही होती, पास्कल मास्तरांची इस्त्री केलेली बाही धरून बसलेली. मास्तरांना त्या दिवसापुरतं बाहेर आणलं होतं. पहिल्या रांगेत कडेला यशोदाबाई, नवी जांभळी साडी नेसवून. मागे काशीबाई. मालकांनी गुरुदासांच्या हातात नारळ दिला, माइक पुढे केला. गुरुदासांनी माइक बाजूला सारला, तसे लोक हसले.

त्यांनी सांगितल्याप्रमाणे घातलं. इमारत टिकूंदे, म्हाताऱ्यांची सेवा होवंदे, मालकाच्या हाताक यश येवंदे. मागून शंभर गळ्यांतून "व्हय म्हाराजा!" येत होतं. मांडव दणाणत होता. आयुष्यात एवढ्या माणसांनी त्यांना कधी व्हय म्हटलं नव्हतं. पण त्या गळ्यांमध्ये ते एकच गळा शोधत होते आणि तो सापडत नव्हता. शेवटचं वाक्य त्यांनी मुद्दाम दुसऱ्यांदा म्हटलं, बायकोकडे तोंड करून. यशोदाबाईंची हनुवटी छातीवर टेकली होती. ओठाच्या कोपऱ्यातून लाळेची तार जांभळ्या पदरावर उतरली होती.

काशीबाई पूजेचं ताट सारखं करायच्या निमित्तानं पुढे आली. "मॅडमान सांगलेल्यान," ती पुटपुटली, "मधीच बोंबालतीत म्हणान. अर्धीच दिलंय, काका. देवाशप्पथ अर्धीच."

नारळ फोडायचा दगड पुढ्यात होता. मालक हात जोडून वाट बघत होते. गुरुदासांनी नारळ फोडला नाही, परत वर धरला.

"बा देवा म्हाराजा! आता जां सांगलंय तां खोटां सांगलंय!"

"व्हय म्हाराजा!" मांडव सवयीनं बोलून गेला, आणि मग लोक एकमेकांकडे बघू लागले.

"ह्या नव्या घरात माणसांक गप करून ठेवतले! माझ्या बायलेच्या तोंडात दोन शब्द उरलेले, तेय आज काढून घेतल्यानी!"

आता व्हय आलं ते तुरळक. मागच्या रांगेतून, बारीक.

"तुमचे आवशी-बापूस थंय पट्टे लावन बसलेले आसत, तां तुमका ठावक आसा! त्येंका सोडव रे म्हाराजा!"

व्हय आलं नाही. शंभर माणसं बसली होती, ज्यांना समजलं नाही अशी त्यांत फार थोडी. मेल्विना बापाच्या बाहीची घडी सारखी करत होती. एकानं खिशातून फोन काढला. व्हय म्हणायचं म्हणजे उद्या बापाला गाडीत घालून घरी न्यायचं, आणि घरी कोण आहे? प्रत्येकाला आपापलं घर दिसत होतं. गुरुदासांना त्यांचा राग आला, आणि राग येता येता कळलं की आठवडाभर आपणही असेच बसलो होतो. ते थांबले. मागून व्हय येईपर्यंत थांबायचं असतं. मालक पुण्याचे, त्यांना या बोलीतलं काही कळलं नव्हतं. गाऱ्हाणं संपलं असं वाटून त्यांनी हसत टाळ्या वाजवल्या, आणि सुटका झाल्यासारख्या सगळ्यांनी वाजवल्या.

गुरुदासांनी नारळ खाली ठेवला. त्यांनी यशोदाबाईंच्या खुर्चीचा ब्रेक सोडला, त्यांचं डोकं एका हातानं सावरलं आणि दुसऱ्या हातानं खुर्ची ढकलत ते फाटकाकडे निघाले. कुणी आडवं आलं नाही. जखमेचं काय, गादीचं काय, कूस कोण बदलणार, यातलं एकही उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. जाग आल्यावर तिच्यापुढे गाऱ्हाणं घालायचं, मग ती बोलते का बघायचं, एवढंच डोक्यात होतं.

"शिवा, उघड," ते वॉचमनला म्हणाले.

"काका, तुमका सोडूक माका येना नाय," शिवा म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं. "तुमच्या झिलान सांगूक होया. जेनी दाखल केल्यानी, तेनीच."

गुरुदासांनी खिशातून फोन काढला आणि सिद्धेशला लावला. व्हरांड्यावरून तेजस्वी मॅडम उतरून येत होत्या, घाईनं नाही, नेहमीच्या चालीनं. गुरुदासांनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. गोळी सांगितली, मास्तर सांगितले, आवशीची लाळ सांगितली. घाडी घराण्याच्या माणसाला जसं सांगता येतं तसं सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, "सिद्धू, ह्येंका सांग फाटक उघडूक. व्हय म्हण."

पलीकडून एसीची घरघर तेवढी येत होती.

"बाबा," सिद्धेश म्हणाला, "जरा मॅडमांकडे फोन देवा."

मॅडम शेजारी येऊन उभ्या होत्या. त्यांनी हात पुढे केला.